पाळीवरची वाट

आज २ फेब्रुवारी, जागतिक पाणथळ दिवस. इराणमधल्या रामसर या गावी १९७१ साली याच तारखेला पाणथळ जागा राखण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. महाराष्ट्रातल्या नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी या जागा गेल्या काही वर्षांत रामसरच्या यादीत दाखल झाल्या. पाणथळ जागा, त्यांच्याशी जोडलेले पारंपरिक ज्ञान आणि सांस्कृतिक वारसा हे यंदाच्या दिवसाचे सूत्र आहे. हे सूत्र समजून घ्यायला पूर्व विदर्भाइतकी योग्य जागा राज्यात दुसरी नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या पूर्वेकडचा काही भाग हा तलावांचा मुलूख आहे. इथले तलाव माणसांनी बांधले, माणसांनी राखले आणि त्यांच्या आधाराने जंगल, भातशेती, मासेमारी, देवळे आणि गावे एकमेकांना बिलगून वाढली.

आज या तलावांवर भाषणे होतील, शाळांमध्ये चित्रे रंगवली जातील, शपथा घेतल्या जातील. त्या जरूर घ्याव्यात. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे. या तलावांच्या पाळींवरून लोकांनी चालायला लागले पाहिजे. पोरांनी, आजी-आजोबांनी, शहरातून सुटीला आलेल्या कुटुंबांनी, कुणालाही दम न लागता, सकाळच्या दोन-तीन तासांत पायी हिंडता येईल अशा वाटा प्रत्येक तालुक्यात राखल्या गेल्या पाहिजेत. ज्या तलावाकडे रोज माणसांचे पाय वळतात, त्या तलावाचे दुखणे वेळीच गावाच्या ध्यानात येते. तेव्हा हे चालणे तलावाच्या रक्षणाचेच काम आहे.

हे तलाव कसे उभे राहिले ते आधी पाहू. जंगलाच्या टेकड्यांवरून उतरणारा नाला निवडायचा, दोन उंचवट्यांच्या मध्ये मातीची पाळ घालायची, जास्तीचे पाणी जायला एका टोकाला सांडवा ठेवायचा आणि खालच्या धानाच्या बांध्यांना पाणी द्यायला पाळीच्या पोटातून मोरी काढायची, अशी ही रचना. वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात आणि तिथून पुढच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, उतरते. पाण्याचा थेंब जंगलातून निघाला की नदीला मिळेपर्यंत चार गावांच्या कामी येतो. या कामात कोहळी समाजाचे कसब नावाजलेले होते. गोंडराजांच्या काळापासून या समाजाने तलाव बांधले, ऊस आणि धान पिकवले. नवेगावबांधच्या विशाल तलावाचे श्रेय परंपरेने अठराव्या शतकातल्या कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, हे तलाव आले आणि दरवर्षी पावसाळ्याआधी पाळीवर माती टाकणे, सांडवा पाहणे, गाळ काढणे ही कामे गाव आणि मालगुजार मिळून करत राहिले.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. शोषणाची एक व्यवस्था गेली, ते योग्यच झाले. मात्र तिच्याबरोबर तलावाची वार्षिक देखभालही गेली. नवा मालक दूरच्या कार्यालयात बसला होता. आज माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले मामा तलाव, ६ हजारांहून अधिक आहेत. त्यातले कितीतरी गाळाने उथळ झाले, बेशरमाच्या झुडपांनी वेढले गेले, काठाकाठाने अतिक्रमणात आले. मासेमारीवर जगणाऱ्या ढीवर समाजाला त्याची झळ सर्वांत आधी बसली. काही गावांत ढीवर बायांनी आणि तरुणांनीच पुढे होऊन बेशरम उपटली, पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत आणायचे प्रयत्न केले. तलाव सुधारू शकतो, हे त्यांनी करून दाखवले आहे.

मग कायदा या तलावांच्या पाठीशी उभा राहत नाही का? याचे उत्तर आजच्या दिवशी तरी सरळ सांगायला हवे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांमध्ये पाणथळ जागेची जी व्याख्या आहे, तीतून भातशेती वगळली आहे आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले जलाशयही वगळले आहेत. मामा तलाव सिंचनासाठीच बांधलेले आहेत आणि त्यांच्याखाली धानाच्या बांध्या आहेत. सारस पक्षी नेमका या दोन्हींच्या भरवशावर जगतो. महाराष्ट्रात तो आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात आणि थोडा आसपास उरला आहे. तो तलावात चरतो आणि धानाच्या शेतात घरटे करतो. सारसासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला २०२१ मध्ये स्वतःहून याचिका दाखल करून घ्यावी लागली. पक्षी मोलाचा आणि त्याचे घर व्याख्येबाहेर, अशी ही स्थिती आहे. नियम बदलायला हवेत, पण ते बदलेपर्यंत तलावांवर कुणाचे तरी लक्ष हवे. पाळीला पडलेली भेग, सांडव्यात अडकलेला कचरा, एका रात्रीत काठावर आलेला मुरमाचा ढीग हे सगळे चालणाऱ्याला दिसते. नव्वदच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतून ते दिसत नाही.

रामटेकचा परिसर घ्या. नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवरचे हे तीर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. बहुतेक यात्रेकरू गाडीने गडावर चढतात, रामाचे दर्शन घेतात, खिंडसीच्या जलाशयावर नावेत बसतात आणि परततात. पेंचला वाघ पाहायला निघालेल्यांच्या गाड्या महामार्गावरून मनसर ओलांडून सरळ पुढे जातात. त्या महामार्गालगतच मनसरचा तलाव आहे आणि तलावाशेजारी हिडिंबा टेकडी. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इथे जगत्पती जोशी आणि ए. के. शर्मा यांनी केलेल्या उत्खननात विटांच्या भव्य बांधकामाचे थरच्या थर उघडे पडले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची प्रवरपूर ही राजधानी इथेच होती, असे अनेक अभ्यासक मानतात. मनसरला सापडलेली तांबड्या वालुकाश्माची शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दिल्लीत लोक तिच्यापुढे थांबतात. तिच्या गावी मात्र फारसे कुणी थांबत नाही.

मनसरहून रामटेक आणि रामटेकहून नगरधन ही दोन्ही अंतरे सात-आठ किलोमीटरांच्या आतली आहेत. नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची राणी. पती रुद्रसेनाच्या मृत्यूनंतर मुले लहान असताना पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तिने इथून राज्य चालवले. आपल्या ताम्रपटात तिने माहेरच्या गुप्त घराण्याची वंशावळ दिली. अलीकडच्या उत्खननात नगरधनला तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. आज दिसणारा भुईकोट पुष्कळ नंतरच्या काळातला आहे. त्याच्या तटावर उभे राहिले की चहूकडे धानाच्या बांध्या आणि उत्तरेला रामटेकची टेकडी दिसते. राणीच्या राज्याची राजधानी आणि टेकडीवरचे तिचे आराध्य दैवत एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात होते, ही गोष्ट पुस्तकात वाचून कळते, पण पटते ती तटावर उभे राहिल्यावर.

रामटेकच्या टेकडीवर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन देवळे आहेत. नरसिंहाच्या बैठ्या, भरदार मूर्ती आजही पूजेत आहेत. केवल नरसिंहाच्या देवळातला कोरीव लेख दुरुस्तीच्या वेळी उजेडात आला. त्यात सुदर्शन नावाच्या जलाशयाचा उल्लेख आहे. म्हणजे या भूमीत देऊळ उभारणे आणि पाणी साठवणे ही पुण्यकर्मे पंधराशे वर्षांपूर्वीही जोडीने चालत होती. यंदाच्या दिवसाच्या सूत्रात पाणथळ आणि वारसा हे दोन शब्द शेजारी ठेवले आहेत. इथल्या दगडावर ते तेव्हाच शेजारी कोरले गेले. टेकडीच्या पायथ्याच्या अंबाळा तलावाला घाट आहेत, काठाने देवळे आहेत, लोक तिथे अस्थिविसर्जनाला येतात. अंबाळ्यापासून पायऱ्यांची जुनी वाट झाडीतून गडावर जाते. मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. रामगिरीच्या स्थानाबद्दल वेगळी मते आहेत, तरी आषाढात या वाटेवर उभे राहून दक्षिणेकडून येणारा ढग पाहिला की मिराशींचे मत मनाला भावते.

मराठी माणसाला या वाटेचे आणखी एक कारण आहे. गुजरातेतून हरपाळदेव निघाले ते रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून. वाटेत ऋद्धिपूरला त्यांना गोविंदप्रभू भेटले आणि पुढे ते श्रीचक्रधर म्हणून महाराष्ट्रभर पायी हिंडले. त्यांच्या महानुभाव अनुयायांनी लीळाचरित्राबरोबर स्थानपोथी राखली. स्वामी कोणत्या गावी राहिले, कोणत्या देवळात उतरले, ते देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, हे तीत बारकाईने नोंदले आहे. चालण्याच्या अनुभवातून देशाची ओळख आणि ती ओळख पुढच्यांसाठी लिहून ठेवणे, ही सवय मराठीला तिच्या पहिल्या ग्रंथांपासून आहे. विसाव्या शतकात दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या आसपास पायी हिंडून, ग्रामदेवतांची ठाणी आणि जुन्या वाटा यांचे नाते जोडून इतिहास वाचला. आपल्याकडे वारी आहे, परिक्रमा आहेत, गडकिल्ल्यांच्या मोहिमा आहेत. वारीला पंधरवड्याहून अधिक काळ लागतो, गडाला गुडघे लागतात. सामान्य घरातल्या माणसाला रविवारच्या सकाळी करता येईल असे सोपे, सपाट, डोळे भरून पाहत जायचे चालणे मात्र आपण अजून रुजवलेले नाही.

रामटेक हे उदाहरण झाले. पवनीला वैनगंगेच्या काठी जुना तट आणि खंदक आहे, बाळसमुद्र तलाव आहे आणि जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात सापडलेला प्राचीन बौद्ध स्तूप आहे. भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी, जैन मंदिर आणि डोलारा तलाव एकाच गावाच्या परिघात आहेत. नवेगावबांधला तलाव, टेकड्या आणि जंगल एकमेकांत मिसळलेले आहेत. १९७५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. मारुती चितमपल्ली तिथे वनाधिकारी होते. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचे पुस्तक त्याच काळातून आले. त्यांनी पक्षी ओळखले ते दुर्बिणीइतकेच गावकऱ्यांच्या सोबतीने. कोणत्या पाखराला ढीवर काय म्हणतात, कोणत्या झाडाचे नाव गोंडांच्या तोंडी काय आहे, हे त्यांनी पाळीवरून आणि जंगलवाटांवरून चालत गोळा केले. १८ जून २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या मागे हा पहिलाच पाणथळ दिवस आहे. त्यांचे स्मरण करायचे तर पुतळ्याऐवजी पायवाट राखावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

या वाटा नव्याने बांधाव्या लागणार नाहीत. तलावाची पाळ ही मुळातच चालण्याची जागा आहे. तिच्यावर जांभूळ, अर्जुन, मोहाची सावली असते. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली उतरत गेलेल्या बांध्या. या दिवसांत पाण्यावर अडई, तलवार बदके, टिबुकल्या असतात, कमळाच्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटांनी चालत असतो, नशीब असेल तर चक्रवाकांची जोडी दिसते. पुढच्या काही आठवड्यांत पळस फुलेल. एका तलावापासून दुसऱ्यापर्यंत जायला पांदणी आहेत. गावनकाशावर त्या तुटक रेषांनी दाखवलेल्या आहेत. जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आणि १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा यांमुळे शेतावर जाण्याचा अडवलेला रस्ता तहसीलदाराकडून मोकळा करून घेता येतो. पाणंद रस्त्यांसाठी राज्याची योजनाही आहे. शेतकऱ्याची बैलगाडी ज्या पांदणीतून जाते, त्याच पांदणीतून सकाळी शाळेची सहल जाऊ शकते. पांदण मोकळी झाली तर पहिला फायदा शेतकऱ्याचा आहे, चालणारा त्याच्या मागून येतो. म्हणूनच ही मागणी शहरी हौस म्हणून बाजूला सारता येणार नाही.

या मागणीवर एक रास्त शंका घेतली जाईल. लोक आले की प्लास्टिक येते, कर्णे येतात, पाखरे उडून जातात. ही भीती खरी आहे. तलावाच्या नावाने आज जे बहुतेक ठिकाणी होते, ते पाहिले तर ती वाढतेच. सुशोभीकरण म्हणून काठ दगड-सिमेंटने बांधून काढतात, फरशा बसवतात, रंगीत दिवे आणि कारंजी लावतात. काठचे गवत, लव्हाळे आणि उथळ चिखल गेला की पाणकोंबड्यांची घरटी जातात, माशांची अंडी घालायची जागा जाते आणि पावसाचे पाणी मुरायची जागाही जाते. मग ‘तलाव’ या नावाची एक टाकी उरते. आम्ही म्हणतो ती वाट याच्या अगदी उलट आहे. तिला सिमेंट नको, दिवे नकोत, विक्रीचे गाळे नकोत. मातीची पाळ मातीचीच राहू द्यावी. सारसाच्या विणीच्या काळात, म्हणजे पावसाळ्यात, घरट्यांच्या बांध्यांकडची वाट बंद ठेवावी. ढीवरांच्या जाळ्यांची वेळ आणि जागा आधी, चालणाऱ्यांची नंतर, हे ठरलेले असावे. किती माणसे एका वेळी जातील ते ग्रामसभेने ठरवावे. वनहक्क कायद्याने ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, तिथे जंगलातून जाणाऱ्या वाटेची मालकी आणि जबाबदारी त्या गावाचीच राहावी.

असे झाले तर या चालण्यातून गावात काही पैसाही उतरेल. रामटेकला नरसिंहाच्या देवळापर्यंत नेणारा वाटाड्या, पवनीत स्तूपाची गोष्ट सांगणारी शिक्षिका, नवेगावबांधला पक्षी दाखवणारा ढीवर पोरगा यांना मानधन मिळावे. चालून आल्यावर बचत गटाच्या घरी भात, तलावातली मासोळी, झुणका-भाकर मिळावी. रिसॉर्टच्या खोलीचे भाडे शहरात परत जाते. पायी हिंडणाऱ्याचा खर्च गावातच राहतो, कारण त्याला तहान, भूक आणि वाट विचारण्याची गरज त्याच गावात लागते.

म्हणून आजच्या दिवशी आमच्या ठोस मागण्या अशा आहेत. पूर्व विदर्भातल्या प्रत्येक तालुक्याने यंदाच्या वर्षात किमान एक सोपी पायवाट निश्चित करावी, जिच्यात एक तलाव, थोडे जंगल आणि एक वारसास्थळ येईल. गावनकाशावरच्या पांदणी तपासून त्या वाटेवरचे अडथळे तहसीलदारांनी दूर करावेत. जिल्हा परिषदेने पाळ आणि सांडव्याच्या दुरुस्तीला सुशोभीकरणाच्या आधी निधी द्यावा. पुरातत्त्व विभागाने मनसर, नगरधन, पवनी इथे मराठीत, साध्या शब्दांत माहितीफलक लावावेत. केंद्राने २०१७ च्या नियमांतली व्याख्या दुरुस्त करून परंपरागत तलाव आणि सारसाच्या धानशेतीला संरक्षण द्यावे. शाळांनी वर्षातून एकदा तरी सहलीची बस गावाबाहेर थांबवून मुलांना पाळीवरून चालवत न्यावे आणि तलाव कुणी बांधला, पाणी कुठून येते, कुठे जाते, हे गावातल्याच एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐकू द्यावे.

वाचकांना एक विनंती आहे. उन्हाळा लागायला अजून महिनाभर तरी अवकाश आहे. या रविवारी आपल्या जवळच्या कोणत्याही तलावावर पायी जा, घरातल्या लहान-थोरांना सोबत घ्या. पाळ फुटलेली दिसली, सांडवा तुंबलेला दिसला, काठ बुजवलेला दिसला, तर गप्प बसू नका. तलावाचे नाव आणि गट क्रमांक लिहून ग्रामपंचायतीला, जिल्हा परिषदेला अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.